सळईला दिलेले पाणी

बियाणे आणि पोलाद या दोन वस्तूंमुळे जालन्याचे नाव देशभर झाले आहे. दि. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत भंगार व स्पंज लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. शाळाखोली असो, घरकुल असो वा पंचायतीचे कार्यालय, त्याचे छत अशाच सळयांवर उभे राहते. ती कामे तपासणाऱ्या मंडळींचे लक्ष सहसा सळईच्या वजनाकडे व दराकडे असते. तिचे बळ मात्र कारखान्यातील अखेरच्या काही क्षणांत ठरते.

हे समजण्यास गावच्या लोहाराचा भाता पुरेसा आहे. लोहार विळ्याची धार लाल करून पाण्यात बुडवितो. यालाच आपण धारेला पाणी देणे म्हणतो. तापलेल्या पोलादात कार्बन एकजीव होऊन राहिलेला असतो. सावकाश निवल्यास त्याला वेगळे होण्यास अवधी मिळतो व पोलाद मऊ राहते. एकाएकी निवविल्यास तो जागच्या जागी अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण, पण ठिसूळ रचना तयार होते. अशी धार पहिल्याच दगडावर उडेल! म्हणून जाणता लोहार पात्याच्या मागील भागातील ऊब धारेकडे येऊ देतो, पिवळा, तांबूस, निळा असे पालटणारे रंग पाहतो आणि मनाजोगता रंग येताच पाते पुन्हा बुडवितो. ठिसूळपणा जातो, काठिण्य बरेचसे टिकते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा. त्यामुळे टीएमटी सळई म्हणजे हीच युक्ती, हे ध्यानात आले तेव्हा त्याला नवल वाटले. सुमारे ९५० अंश सेल्सिअस तापलेली सळई अखेरच्या रुळांतून निघताच जोरदार पाण्याच्या पेटीतून धावते. तिची कड तत्क्षणी कठीण होते, गाभा मात्र तप्तच राहतो. बाहेर पडल्यावर गाभ्यातील उष्णता कडेकडे येते, कड पुन्हा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापते व तिचा ठिसूळपणा निघून जातो. पुढे गाभा हवेत सावकाश निवतो आणि मऊ राहतो. यंत्रांच्या बेअरिंगसाठी सुमारे एक टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असलेले मिश्रपोलाद वापरतात. क्रोमियममुळे आतील बदल मंदावतो, म्हणून तेथे पाण्याऐवजी तेलात निवविले तरी काठिण्य खोलवर जाते. सळईत अशी महाग धातू घालावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

भारतीय मानक १७८६ नुसार 'एफई ५००' सळई प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण कायमची न ताणता सोसते आणि तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबते. 'एफई ५०० डी' या प्रकारात ही लांबण्याची मर्यादा १६ टक्के आहे. भूकंपात हे लांबणेच उपयोगी पडते, कारण वाकणारी सळई माणसांना बाहेर पडण्यास वेळ देते. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मुख्यतः दगडमातीची घरे कोसळली. त्याच मराठवाड्यात आता काँक्रीटची घरे उभी राहत असताना हा गुण दुर्लक्षून चालणार नाही.

एका गावी शाळाखोलीचे काम चालू असता कामगार जाड सळई जाळात लाल करून वाकवीत असल्याचे दिसले. हेतू वाईट नव्हता, श्रम वाचवावयाचे होते. परंतु लाल होऊन हवेत निवलेल्या जागी कडेचे काठिण्य नाहीसे होते आणि सळई तेवढ्यापुरती साधी उरते. वर पाणी ओतले तर ती ठिसूळ होण्याची भीती असते. सळई थंडच, योग्य जाडीच्या खुंट्याभोवती वाकवावी. एकदा वाकविलेली पुन्हा सरळ करून वापरू नये.

शंका आल्यास प्रयोगशाळेत सळईचा काप घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावतात. कडेने काळसर कडे उमटते. ते अखंड व सर्वत्र सारख्या जाडीचे असावे. एका बाजूस पुसट वा तुटक दिसल्यास पाणी सारखे पोहोचलेले नाही असे समजावे, आणि त्या मालाची ताण-चाचणी झाल्याखेरीज तो कामावर घेऊ नये.