पाच ताटांचा नाताळ

तू फोनवर वाचून दाखवलीस ती यादी मी कागदावर उतरवून घेतली. चिकन बिर्याणी, मटण, पुऱ्या, व्हाइट सॉसचा पास्ता, गुलाबजाम, केक, शिवाय करंज्या-चकल्या आहेतच. आणि घरात खाणारी माणसं पाच. तू, जावईबापू, दोन पोरं आणि तुझे सासरे, मामाजी. छोटे, ही यादी या पाच जणांची नाहीच. ती मागच्या नाताळापर्यंत तुमच्या वाड्यात बसणाऱ्या पंगतीची आहे. दीर-जाऊ यंदा पुण्याहून येत नाहीत, नणंदेच्या घरी बाळंतपण आहे, आणि सासूबाईंना जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. तू त्या सगळ्यांचं रांधायला निघाली आहेस.

मला कळतं का ते. ओसरी रिकामी दिसेल, म्हणून ताटं तरी भरलेली दिसावीत असं वाटतं. पण न आलेल्या माणसांचं रांधलं की सणाच्या दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडताना जास्त वाईट वाटतं. उरलेली बिर्याणी बघून मामाजींना काय आठवेल, याचा विचार कर. जे ताटावर बसणार आहेत त्यांचंच रांध, आणि मापात रांध.

आता मेनू कसा ठरवायचा ते सांगते. पदार्थांपासून सुरुवात करू नकोस, घड्याळापासून कर. तुम्ही पंचवीस तारखेच्या सकाळच्या उपासनेला अमरावतीला जाणार की परतवाड्याला, ते आधी पक्कं करा. कुठेही गेलात तरी जाणं-येणं, उपासना, बाहेर पडल्यावर भेटीगाठी, फोटो, यात सकाळ संपते. घरी येऊन साडी बदलेपर्यंत दीड वाजलेला असतो आणि पोरं भुकेनं कावलेली असतात. मावससासूबाईंसारखं चोवीसच्या रात्रीच्या मिस्सेला जाणारं कॅथलिक घर असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांना पंचवीसचा अख्खा दिवस स्वयंपाकाला मिळतो, तुला नाही मिळत. म्हणून तुझ्या यादीतलं जे जे दीड वाजल्यानंतर सुरू करावं लागतं, ते आत्ताच काट.

दुसरी चाळणी याहून महत्त्वाची. मोठ्या पंगतीत आपण बायका कधी जेवायचो, आठव. पुरुष उठले, पोरं उठली, पाहुणे उठले, मग चार वाजता आईला ताट मिळायचं, तेही निवलेलं. पाच माणसांच्या घरी तसं होण्याचं काहीएक कारण नाही. यंदा तू सगळ्यांबरोबर बसायचं, पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या घासापर्यंत. आता या चाळणीतून यादी गाळ. पुऱ्या गेल्या, कारण पुऱ्या तळणारी बाई गॅससमोरून हलत नाही. बिर्याणी गेली, कारण दम लागला की नाही ही धाकधूक तुला जेवू देणार नाही. पास्ता पोरांना चोवीसच्या रात्री करून दे, तारे-कंदील लावून झाल्यावर. त्यांचंही मन राहील आणि पंचवीसच्या ताटात व्हाइट सॉसशेजारी तर्रीचा रस्सा येणार नाही.

हो, तर्रीचा रस्साच. माझं मत विचारशील तर मुख्य पदार्थ एकच ठेव: गावरान कोंबडी, आपल्या वऱ्हाडी वाटणातली. पाच जणांना सव्वा किलो साफ केलेलं चिकन पुरे, त्यात दोन लहान पोरं आहेत. मटण त्याच्या जोडीला नको. दोन रस्से झाले की एकालाही धड चव राहत नाही आणि पोरं दोन्हीतलं टाकतात.

तू म्हणालीस, "हे तर आपण रविवारीही करतो, ख्रिसमसचं जेवण वाटलं पाहिजे ना." यावर मला थोडं बोलायचं आहे. फोनवर ज्या भाजलेल्या टर्कीची चित्रं येतात, ती टर्की इंग्लंडातल्या साध्या घरांतही पूर्वी नसायची. डिकन्सच्या 1843 सालच्या 'ए ख्रिसमस कॅरल'मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंब नाताळाला हंस रांधतं, आणि बटाटे नि सफरचंदाचा सॉस जोडीला घेऊन सगळ्यांना पुरवतं. गोव्यात सोरपोतेल आणि बेबिंक होतं. जपानात लोक नाताळाला तळलेली कोंबडी खातात. जो तो आपल्या मुलखातलं चांगलं ते त्या दिवशी ताटात वाढतो. आणि आपल्याकडे तर रेव्हरंड टिळकांचं उदाहरण घरचंच आहे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रभूची भक्ती अभंगांत, ओव्यांत, भजनांत आणली. उपासनेत पेटी-तबल्यावर ती भजनं म्हणताना तुला कधी वाटलं का, हे पुरेसं ख्रिस्ती नाही म्हणून? मग ज्वारीच्या भाकरीबद्दल का वाटावं?

रविवारच्या आणि नाताळच्या रस्स्यात फरक वाटणाचा असू दे. रविवारी आपण मिक्सरमधून भराभर काढतो. चोवीसच्या दुपारी निवांत बस. दोन मोठे कांदे सालीसकट थेट गॅसवर भाज, बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत. खोबऱ्याची अर्धी वाटी तशीच आचेवर धर, कडा पेटल्या की फुंकर घाल. मग तव्यावर धणे, चमचाभर खसखस, शहाजिरं, दगडफूल, चार लवंगा, सहा-सात मिरे, दालचिनीचा तुकडा, सगळं वेगवेगळं भाज. एकत्र टाकलंस तर खसखस जळते आणि धणे कच्चे राहतात. लसूण सढळ हातानं, आलं बेतानं, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या पानांसकट. पाट्यावर वाटता आलं तर फारच छान, नाही तर मिक्सरमध्ये थांबून थांबून, जरा भरड ठेव. हे वाटण डब्यात घालून फ्रिजमध्ये गेलं की तुझा अर्धा नाताळ झाला.

पंचवीसला सकाळी लवकर उठून कोंबडी शिजवून घे. गावरान कोंबडी दुकानातल्या ब्रॉयलरसारखी वीस मिनिटांत हाती लागत नाही. हळद-मीठ लावून कुकरला पाच-सहा शिट्ट्या लागतील, त्यातही कोंबडी जून निघाली तर आणखी. मग गंजात तेल तापव, वाटण तेल सुटेपर्यंत परत, आणि तिखट घालायच्या आधी गॅस बारीक कर. कडकडीत तेलात तिखट जळलं की रंग काळपट येतो आणि घशाशी लागतं. मंद तेलात घातलेलं तिखट लाल तर्री सोडतं. त्यात तुकडे आणि शिजलेलं पाणी घालून दहा मिनिटं उकळ, झाक आणि उपासनेला जा. थंडीचे दिवस आहेत, आल्यावर पुन्हा चांगली खळखळून उकळी दे, बस. मधल्या तासांत रस्सा मुरतो.

भाकरी तेवढी उपासनेहून आल्यावर टाक, रस्सा गरम होतो तेवढ्यात आठ-दहा होतात. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की मऊ राहतात, आणि तू ताटावर बसू शकतेस. जोडीला साधा मोकळा भात, कांदा-मुळा-लिंबू. एवढंच.

शेजारच्या काकू दर नाताळाला जेवायला येतात म्हणालीस, आणि त्या माळकरी आहेत. त्यांच्यासाठी पनीर आणायचा बेत रद्द कर. त्याच वाटणातला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेव आणि त्यांना पाटवडीचा रस्सा कर. वाटीभर बेसन, दीड वाटी पाणी. लसूण-जिरं-मिरचीची फोडणी घालून पाणी उकळलं की एका हातानं बेसन भुरभुरायचं, दुसऱ्या हातानं सराट्यानं घोटायचं, झाकून एक वाफ काढायची. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं, वरून किसलेलं खोबरं, खसखस, सांभार. वड्या रस्स्यात आधी टाकून ठेवू नकोस, फुटतात आणि पिठलं होतं. वाटीत वड्या ठेवून वाढताना वरून रस्सा ओत. कांदा-लसूण त्यांना चालतो का, हे विचारून घे, माळकऱ्यांत सगळ्यांचे नियम सारखे नसतात. मार्गशीर्षातला गुरुवार आला असेल तर उपासही असेल. भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि वाढणं त्यांच्या समोर कर, म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही. असा पाहुणा आपल्या ताटावर येतो, हा आपला मान आहे.

आता गोड. गुलाबजाम काट. डिसेंबरात चांदूर बाजारला राहून पाकिटातले गुलाबजाम कशाला? आंबिया बहाराची संत्री तुझ्या दारात ट्रॅक्टरनं जातात. संत्र्याचा केक कर, तेवीसलाच करून ठेव, दोन दिवसांनी जास्त चांगला लागतो. दोन वाट्या मैदा, सव्वा वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी लोणी, तीन अंडी, दोन चमचे बेकिंग पावडर, दोन संत्र्यांचा रस, आणि त्याच संत्र्यांच्या सालीचा कीस. इथं एक गोष्ट नीट ऐक: साल सोलण्याआधी किस. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, सोलल्यावर ती हातात लोळते, किसताच येत नाही. अख्खं फळ किसणीवर हलक्या हातानं फिरव, फक्त केशरी थर निघू दे. खालचा पांढरा भाग आला की केक कडू होतो आणि साखर वाढवून तो कडूपणा जात नाही. काळे मनुके रात्रभर संत्र्याच्या रसात भिजव. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेव, आपल्या आजीच्या काळापासून केक असेच होत आले, किंवा गावातल्या बेकरीवाल्याला डबा दे.

मामाजींना साखरेचा त्रास आहे. त्यांच्यापुढे केकचं मोठं ताट ठेवून "तुम्हाला नको ना?" असं कोणी विचारू नये. केकचा पातळ काप आणि शेजारी सोललेल्या संत्र्याच्या फोडी, दोरे काढलेल्या, बिया काढलेल्या, अशी बशी सगळ्यांनाच दे. मामाजींची बशी वेगळी दिसणार नाही. केकात अंडी आहेत, म्हणून काकूंच्या बशीत मात्र फोडीच ठेव.

फराळाचं मात्र माप कमी करू नकोस. जेवण घरातलं, फराळ गल्लीतला. दिवाळीला ज्या ज्या घरून तुझ्याकडे ताट आलं, त्या त्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे गेलेच पाहिजेत. गोव्यात नेवऱ्या आणि दोदोल असेच ताटातून शेजारी जातात. सासूबाईंचा हात अनारशांवर होता. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून, म्हणजे तुला आधीच सुरुवात करायला हवी. मला विचारशील तर त्यांची आठवण त्या अनारशांत असू दे. जेवताना मामाजींसमोर रिकामं ताट मांडू नकोस, त्यांना ते सोसायचं नाही.

तरीही आणखी एक ताट वाढवावंसं वाटलं तर जरूर वाढव. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. तुमच्या इथल्या बँकेत ती केरळची मुलगी आलीय म्हणालीस, सुटी नाही म्हणून घरी जाता येत नाही तिला. तिला आजच सांग. एका माणसानं रस्सा कमी पडत नाही, वाटीभर पाणी आणि दोन भाकरी वाढतात. आणि पोरं नव्या माणसासमोर शहाण्यासारखी जेवतात.

कोंबडीवाल्याला मात्र उद्याच सांगून ठेव. चोवीसला गावरान मागायला गेलीस तर ब्रॉयलरच गळ्यात मारतील. फार मोठा कोंबडा घेऊ नकोस, चिवट निघतो, दीड-पावणेदोन किलोची तरणी कोंबडी बघ. आणि मामाजींना तिखट किती चालेल ते आधी विचार. त्यांच्यापुरता वाटीभर रस्सा तर्री यायच्या आधी, तिखट न घालता, वेगळा काढून ठेवता येईल.