अभ्यासपाठ : उरलेले पाणी कोणासाठी?

वाचन : यहेज्केल 34:17-19



या उताऱ्यात बलवान मेंढरांवर एक दोष ठेवला आहे. ती आधी स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करून मागच्यांसाठी ठेवतात. आपल्या जव्हार-मोखाड्यात हे मागचे कोण, ते आपण जाणतो. होळीनंतर विहिरी आटतात आणि पाड्यावरच्या बाया ओहोळातल्या झऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. तो झरा नासला तर त्यांना दुसरा नाही. म्हणून पाणी नासवण्याविषयी कायदा काय सांगतो, हे या पाठात पाहू.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे केंद्राचा 1974 चा जल कायदा आला. तो आपल्या राज्याने 1981 मध्ये स्वीकारला.

या कायद्याप्रमाणे सांडपाणी सोडणारा कारखाना, रुग्णालय किंवा मोठे हॉटेल यांना मंडळाचे संमतिपत्र लागते : आधी उभारण्यासाठी, नंतर चालवण्यासाठी. नगरपालिकेच्या गटाराच्या पाण्यालाही हाच नियम आहे. किती पाणी, कोठे आणि किती शुद्ध करून सोडायचे, हे त्या पत्रात लिहिलेले असते. उदाहरणार्थ, नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याचा सर्वसाधारण नियम असा की बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू. तो आकडा वाढला की मासे गुदमरतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ म्हणजे केवळ वाहती नदी नव्हे. तात्पुरता कोरडा पडलेला ओहोळ आणि जमिनीखालचे पाणीही त्यात येते. “उन्हाळ्यात तिथे पाणीच नव्हते” ही सबब चालत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण

सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला जाते. डोंगरातून स्वच्छ गेलेले पाणी तिथून कसे बाहेर पडते? तिथल्या कारखान्यांना संमतिपत्रे होती, सामायिक प्रक्रिया केंद्रही होते. तरीही खाड्या व समुद्रकिनारा दूषित झाल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संस्था 2016 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. 2022 मध्ये न्यायाधिकरणाने कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. निकाल यायला सुमारे सहा वर्षे लागली. यातून दोन गोष्टी शिकाव्यात : नुसत्या कागदाने पाणी राखले जात नाही, आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, त्यांनी चिकाटी धरली तर दाद लागते.

आपल्या हाती काय आहे?

1. संमतिपत्रातल्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते. ज्याला त्या सांडपाण्याची झळ पोहोचते, त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. पाड्यावरच्या माणसाला ती वाचून समजावणे ही आपली सेवा.

2. तक्रार लेखी करावी : तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे. घरी बाटलीत भरलेले पाणी कायद्याने पुरावा ठरत नाही. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर घ्यावा लागतो. म्हणून उशीर न करता कळवावे.

3. मंडळाने दखल घेतली नाही, तर साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो.

4. जव्हार व मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे सोपवले आहे. पाण्याचा विषय ग्रामसभेत मांडून ठराव लिहून घ्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

- आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोण सांडपाणी सोडते? त्याच्याकडे संमतिपत्र आहे काय?
- आपल्या मंडळीच्या शाळा, वसतिगृह किंवा दवाखान्याचे सांडपाणी कोठे जाते?
- खालच्या पाड्यावर ते पाणी कोण भरते? त्यांची नावे घेऊन या आठवड्यात प्रार्थना करा, आणि एकदा त्यांच्या झऱ्यापर्यंत चालत जा.