गोपनीय अहवाल आणि त्रयस्थ परीक्षक

कार्यालयीन कामकाजावर संशोधन करणाऱ्यास आयती मिळणारी सामग्री म्हणजे हजेरीपट, बढत्यांच्या नोंदी आणि वरिष्ठांनी लिहिलेले गोपनीय अहवाल. या अहवालांचा धाक काय असतो, हे आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबांस आम्ही सांगावयास नको. शासकीय सेवेतील प्रत्येक शेरा, केवळ प्रतिकूलच नव्हे, संबंधितास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात दिला, तोही २००८ साली.

एकाच व्यक्तीच्या मतावर किती विसंबावे, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले की, सैन्यातील वरिष्ठांनी अधिकाऱ्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व व चारित्र्य यांसाठी दिलेले गुण वाजवीपेक्षा फार जुळत होते. मनात ठसलेली एकच प्रतिमा सर्व रकाने भरीत होती.

यावर उपाय त्रयस्थ परीक्षकांचा. कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या टिपण्या व मसुदे दोघा-तिघा जाणकारांनी परस्परांशी न बोलता तपासावेत. कालाम सुत्ताशी परिचित वाचकास ही रीत परकी वाटणार नाही. मात्र आपल्याकडे आडनाव, गाव, स्वाक्षरी, सारेच झाकावे लागते. आडनावावरून जात ओळखणारे डोळे सर्वत्र आहेत. शिवाय परीक्षकांपुढे मूळ काम ठेवावे, वरिष्ठांचा अहवाल नव्हे. अन्यथा जुनेच मत नव्या हस्ताक्षरात परत येते.

परीक्षकांचे एकमतही पारखून घ्यावे लागते. समजा, दोघांनी १०० पैकी प्रत्येकी ८० मसुदे 'चांगले' ठरविले आणि ८० मसुद्यांबाबत त्यांचे मत जुळले. आकडा भरघोस दिसतो. परंतु निव्वळ योगायोगानेही ६८ ठिकाणी मत जुळले असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला 'कप्पा' हा योगायोग वजा करतो आणि हाती उरतात अवघे ०.३८.

जुनी नोंद मात्र टाकून देऊ नये. वर्षभराची वक्तशीरता, नागरिकांशी वागणूक या गोष्टी मसुद्यात दिसत नाहीत. दोन्ही प्रतवाऱ्या शेजारी ठेवाव्यात, त्यांची सरासरी काढू नये. परीक्षकांचे आपसांत पटते आणि अहवालाशी पटत नाही, अशी प्रकरणे वेगळी काढून ती कोणत्या कर्मचाऱ्यांची आहेत, हे मग नावे उघडून पाहावे.