झुरळाच्या पायातले स्पाइक मोजताना

बर्फाच्या पाण्यात बधिर केलेल्या झुरळाचा पाय, त्यात टोचलेल्या दोन टाचण्या, अॅम्प्लिफायर आणि सेकंदाला 10,000 नमुने टिपणारा लॅपटॉप, एवढं साहित्य पुरे. स्पाइक, म्हणजे चेतापेशीचा विद्युत संकेत, जेमतेम 1 मिलिसेकंदाचा; त्याच्या वाट्याला दहाच नमुने येतात. वेग याहून कमी ठेवू नका.

नोंद घेताना लॅपटॉपचा चार्जर काढा. 300 ते 3000 हर्ट्झचा फिल्टर विजेची 50 हर्ट्झची घरघर काढतो, पण तिच्या पटीतल्या 350, 450 हर्ट्झच्या लहरी आत शिरतातच. फिल्टर एकदा पुढून, एकदा मागून फिरवा. एकाच दिशेने फिरवला तर स्पाइकची वेळ सरकते.

आता उंबरठा, म्हणजे जी ओलांडली की लहर स्पाइक मानायची ती पातळी. इथे घाई नको. बरेच जण प्रमाण विचलनाची चौपट घेतात. पण मोठे स्पाइक ते विचलन स्वतःच फुगवतात. पेशी जितकी बोलकी, तितका उंबरठा वर चढतो आणि छोटे स्पाइक निसटतात. त्याऐवजी सगळ्या नमुन्यांची चिन्हं काढून मध्यक घ्या, 0.6745 ने भागा, मग चारने गुणा. शेवटी आलेखावर नजर फिरवाच.

उंबरठा ओलांडला की पुढचा 1 मिलिसेकंद दुर्लक्षित करा, म्हणजे एकच स्पाइक दोनदा मोजला जात नाही. त्याहून जास्त नको, कारण पुढची तपासणी त्यावरच आहे.

प्रत्येक स्पाइकचा तुकडा कापून शिखरं जुळवा आणि उंची-आकारानुसार गट पाडा. मग गटातल्या लागोपाठच्या स्पाइकमधल्या अंतरांचा स्तंभालेख काढा. एका चेतापेशीला पुन्हा पेटायला साधारण 2 मिलिसेकंद लागतात. 1 ते 2 च्या खणात बरीच अंतरं दिसली तर गटात दोन पेशी मिसळल्यात. दुर्लक्षाचा काळच 2 ठेवला असता, तर हा खण आपोआप रिकामा दिसला असता आणि आपण उगाच खूश झालो असतो! छोटे स्पाइक वेगळे होईनात तर ‘अनेक पेशी’ असं लिहून मोकळं व्हा.

आता पायावरचा काटा दाबून धरा, हे अनेकदा करा आणि दाबल्या क्षणापासून 50 मिलिसेकंदांच्या खणांत स्पाइक मोजा. सुरुवातीला आकडा चढेल, मग दाब तसाच असूनही उतरेल. एड्रियन आणि झोटरमन यांनी 1926 मध्ये बेडकाच्या स्नायूत हेच पाहिलं होतं. अंतरांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी हा गुणांक काढायचा असेल, तर हा उताराचा भाग वगळा. नाहीतर नियमित पेशीही अनियमित ठरते.