सरळ रेषेचा चढ

तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर जाणाऱ्या लोहमार्गाचे काम १८९१ मध्ये सुरू झाले व १९०८ मध्ये पूर्ण झाले. मेट्टुपाळयम ते उटी हा ४६ किलोमीटरांचा मार्ग समुद्रसपाटीपासून ३२६ मीटर उंचीवर सुरू होतो आणि २,२०३ मीटर उंचीवर संपतो. या मार्गाचा चढ किती, या साध्या प्रश्नातून बीजगणितातील एका महत्त्वाच्या कल्पनेचा आपणास परिचय होतो.

नुसत्या उंचीवरून चढ कळत नाही. तीच उंची लांबच्या वळणाने गाठली तर चढ सौम्य होतो. जवळच्या वाटेने गाठली तर तो उभा होतो. म्हणून वाढलेल्या उंचीला पुढे कापलेल्या अंतराने भागावे लागते. या भागाकारालाच चढ म्हणतात. (अंतर वस्तुतः क्षितिजसमांतर मोजावयास हवे, परंतु रुळावरून मोजल्याने पडणारा फरक येथे इतका अल्प आहे की, तो सोडून देता येतो.) या मार्गावर उंची १,८७७ मीटर वाढते आणि अंतर ४६,००० मीटर आहे. म्हणजेच चढ सुमारे ०.०४१ झाला, साधारण साडेचोवीस मीटर पुढे जावे तेव्हा गाडी एक मीटर वर चढते.

आता आलेखाकडे वळू. समजा, एका रुळाचा चढ सर्वत्र १२ ला १ आहे आणि आरंभीची उंची ४०० मीटर आहे. क्ष-अक्षावर अंतर व य-अक्षावर उंची घेतली, तर १२० मीटर अंतरावर उंची ४१० मीटर होईल, २४० मीटरवर ४२० आणि ६०० मीटरवर ४५०. हे बिंदू कागदावर मांडून पाहावेत. ते एकाच सरळ रेषेत येतात. त्या रेषेचे समीकरण असे:

य = (१/१२) क्ष + ४००

क्ष चा सहगुणक हा रेषेचा चढ होय, आणि ४०० ही संख्या रेषा य-अक्षाला कोठे छेदते ते सांगते. या दोन संख्या कळल्या की, सबंध रेषा कळली.

आता कोणतेही दोन बिंदू निवडा. (१२०, ४१०) आणि (६००, ४५०) घेतले, तर उंचीतील फरक ४० व अंतरातील फरक ४८०. भागाकार पुन्हा १/१२ च येतो. बिंदू बदलले तरी चढ बदलत नाही, हेच सरळ रेषेचे लक्षण आहे. मात्र दोन्ही वजाबाक्या एकाच क्रमाने कराव्यात, नाहीतर चिन्ह चुकते. गाडी खाली उतरत असेल तर अंतर वाढताना उंची घटते व चढ ऋण होतो. सपाट मार्गाचा चढ शून्य असतो. उभ्या रेषेत अंतराचा फरकच शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून तिला चढ नसतो.

निलगिरीचा मार्ग मात्र आलेखावर अशी एकच सरळ रेषा होत नाही. कल्लार ते कुन्नूर या भागात चढ सुमारे १२ ला १ इतका होतो. तेथे गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरेल, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसविली आहे आणि इंजिनाचे दंतचक्र तिच्यात अडकून गाडी वर ढकलते. साडेचोवीसाला एक या सरासरीवर विसंबून कोणी इंजिन निवडले असते, तर ते या घाटात अडले असते. सरासरी ही केवळ दोन टोके जोडणाऱ्या रेषेचा चढ सांगते. मधली वाट कशी आहे, ते सांगत नाही. म्हणून आलेखावरील दोनच बिंदू पाहून निष्कर्ष काढण्यापूर्वी तिसरा बिंदू त्या रेषेवर येतो का, हे वाचकाने अवश्य तपासावे.