केबलच्या क्लचची निगा आणि जुळणी

तालुक्याच्या गावी अथवा आडवळणाच्या खेड्यात मोटार हे आज केवळ सोयीचे साधन राहिलेले नाही. रुग्णाला आरोग्य केंद्रात पोहोचविणे, परीक्षेचे साहित्य वेळेवर नेणे, निवडणुकीच्या कामासाठी कर्मचाऱ्यांना केंद्रावर सोडणे अशी कामे तिच्यावर अवलंबून असतात. अशी मोटार घाट चढताना अडली, तर दोष पुष्कळदा इंजिनात नसून क्लचमध्ये असतो, आणि क्लचच्या काही तक्रारी एका नटाच्या दोन फेऱ्यांनी दूर होण्याजोग्या असतात. हे ठाऊक नसल्यामुळे कधी चांगली प्लेट बदलली जाते, तर कधी झिजलेली प्लेट केबल जुळवून रेटली जाते. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो. दुसऱ्यात वाहन ऐन वेळी दगा देते.

काही मोटारींत क्लच तेलाच्या दाबावर चालतो, तर काहींत पोलादी तारांच्या केबलवर. १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही केबलच्या क्लचची परिचित गाडी होय. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पुढील विवेचन अशा, नटाने जुळणी करावयाच्या केबल-क्लचसंबंधी आहे. काही मोटारींत ही जुळणी आपोआप होते. तेथे नटास हात लावण्याचा प्रश्न येत नाही.

रचना आणि कार्य

इंजिनाच्या फ्लायव्हीलला लागून क्लचची प्लेट असते व तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. स्प्रिंगच्या जोरामुळे क्लचची प्लेट या दोहोंमध्ये घट्ट दाबली जाते आणि इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. चालकाने पेडल दाबले की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सवरील लिव्हर ओढते, आणि लिव्हरमुळे रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या बोटांवर दाब देते. प्लेट मोकळी होते व गिअर बदलता येतो.

पेडल दाबू लागल्यावर सुरुवातीचे थोडे अंतर ते अगदी हलके जाते. हीच पेडलची मोकळी चाल. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात. अनेक लहान मोटारींत ती साधारणतः १५ ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या वाहनाच्या माहितीपुस्तिकेत पाहावा व तोच प्रमाण मानावा.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्लेटचे अस्तर झिजते, तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. म्हणून मोकळी चाल कमी होत जाते. केबल ताणली गेली किंवा तिची बैठक ढिली झाली, तर उलट मोकळी चाल वाढते. चाल कमी होत आहे की वाढत आहे, एवढे पाहिले तरी झीज कोठे होत आहे याचा अंदाज येतो.

तपासणी आणि जुळणी

वाहन सपाट जागी उभे करावे, इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक ओढावा व चाकांना दगडाची उटी लावावी. पेडलजवळ फूटपट्टी धरून पेडल पायाने नव्हे, तर हाताने दाबावे. जेथे हाताला जोर जाणवू लागेल, तेथपर्यंतचे अंतर मोजावे.

मारुती ८०० सारख्या गाडीत केबलचे आटे असलेले टोक गिअरबॉक्सवरील लिव्हरपाशी असते. ते स्वच्छ पुसून घ्यावे. लॉकनट असल्यास तो प्रथम सैल करावा. जुळणीचा नट आवळला म्हणजे मोकळी चाल कमी होते. सैल केला म्हणजे वाढते. एका वेळी एक-दोन फेऱ्यांहून अधिक फिरवू नये. त्यानंतर पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावे, पुन्हा मोजावे आणि अंतर योग्य आल्यावर लॉकनट घट्ट करावा.

शेवटी इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबावे, काही क्षण थांबावे व रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. तो खरखर न करता पडला, तर क्लच नीट सुटत आहे असे समजावे.

दोष व त्यांची कारणे

क्लच घसरणे : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. मोकळी चाल उरली नसेल, तर प्रथम जुळणी करावी. चाल योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे, असे समजून गाडी कार्यशाळेत न्यावी.

क्लच पूर्ण न सुटणे : गिअर टाकताना खरखर होते, पेडल दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. मोकळी चाल प्रमाणाबाहेर वाढल्याचे हे लक्षण होय.

पेडल जड होणे : केबलच्या आतील तारा तुटू लागल्या असाव्यात किंवा केबल मुरडली असावी. तुटलेली एक तार दिसली तरी केबल बदलावी.

आवाज येणे : पेडल दाबताच आवाज येत असल्यास बहुधा रिलीज बेअरिंग सदोष असते. पेडल दाबल्यावर आवाज थांबत असल्यास दोष गिअरबॉक्सकडील बेअरिंगात असण्याचा संभव असतो. या दोहोंना केबलची जुळणी हा उपाय नव्हे.

जुळणीची मर्यादा

नटाचे आटे संपत आले असतील, किंवा एकदा केलेली जुळणी थोड्याच दिवसांत पुन्हा बिघडत असेल, तर तो दुरुस्तीस विलंब न करण्याचा इशारा समजावा. मोकळी चाल शून्यावर आणून पेडल ‘वरचेवर घेणारे’ करणे काही चालकांना आवडते. परंतु त्यामुळे बेअरिंग सतत दाबाखाली राहते आणि प्लेट घसरून जळते. पाय पेडलवर ठेवून गाडी चालविणे, तसेच चढावर हँडब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरणे, यांचाही परिणाम तोच होतो.

कार्यालयीन वाहनांच्या लॉगबुकात इंधनाबरोबरच क्लचची मोकळी चाल, तपासणीची तारीख व किलोमीटरचा आकडा नोंदविण्याची पद्धत उपयुक्त ठरेल. दोन-तीन नोंदी शेजारी ठेवल्या की चाल कोणत्या दिशेने बदलत आहे हे चालकाला व अधिकाऱ्याला एकाच वेळी दिसते, आणि प्लेट बदलण्याचा निर्णय घाटात नव्हे, कार्यालयात घेता येतो. शाळेतही घर्षण व तरफ हे विषय शिकविताना हे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक फूटपट्टी, योग्य मापाचे दोन पाने आणि पाव तासाचा वेळ.