पंतोजींची पक्षिचित्रे

चित्रकलेचा तास आला की खेड्यांतील पुष्कळ शिक्षक संकोचतात. ‘चित्रकला आम्ही शिकलो नाही’ हे त्यांचे म्हणणे खोटे नसते. मग फळ्यावर तक्ता टांगला जातो, मुले त्यावरून पोपट उतरवून घेतात आणि वह्या गोळा होतात. अशा शिक्षकबंधुभगिनींनी अलेक्झांडर विल्सन या शाळामास्तरांचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता, पस्तिशी उलटल्यावर आणि शाळा सांभाळून, ते पक्ष्यांची चित्रे काढावयास शिकले.

विल्सन यांचा जन्म १७६६ साली स्कॉटलंडमधील पेझली गावी झाला. तेराव्या वर्षी ते मागावर बसले. विणकरांची बाजू घेऊन गिरणीमालकावर उपहासपर कविता लिहिल्याबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. १७९४ मध्ये ते अमेरिकेस गेले व तेथे शिक्षक झाले. शिकविता शिकविताच त्यांनी गणित व जमीनमोजणी या विषयांचा अभ्यास केला. १८०२ मध्ये फिलाडेल्फियाजवळील ग्रेज फेरी येथील शाळा त्यांच्याकडे आली. शाळेच्या शेजारीच वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्रम यांची बाग होती. त्या काळात विल्सन यांचे मन फार उदास असे. ताम्रपटांवर चित्रे कोरणारे त्यांचे मित्र अलेक्झांडर लॉसन यांनी विरंगुळा म्हणून रेखाटने करण्यास सुचविले. माणसांच्या आकृती व देखावे यांत त्यांना यश आले नाही. पक्ष्यांकडे वळल्यावर मात्र हात बसू लागला.

दिवस शाळेत जाई, म्हणून चित्रे रात्री मेणबत्तीच्या उजेडात होत. झालेली चित्रे ते बार्ट्रम यांच्याकडे पाठवीत आणि प्रत्येक पक्ष्याचे नाव व चित्रातील चुका दाखवून देण्याची विनंती करीत. बार्ट्रम यांनी त्यांना पक्ष्यांवरील जुने ग्रंथ वाचावयास दिले. विल्सन यांनी ते ग्रंथ प्रत्यक्ष पक्ष्यांशी ताडून पाहिले, तेव्हा छापील पुस्तकांतही चुका आढळल्या. तक्त्यावरून तक्ता उतरविणाऱ्यास ही दृष्टी कधीच येत नाही.

गुरुजींचा छंद मुलांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. जिवंत कावळे, ससाणे, घुबडे, खारी, साप, सरडे अशी भेट येऊ लागली. एकाने तर टोपलीभर कावळे आणले! एकदा एका विद्यार्थ्याने शाळेत उंदीर पकडला. पेंढा भरलेल्या घुबडाच्या नखांत तो अडकवून चित्र काढावे, असा विल्सन यांचा बेत होता. त्याच संध्याकाळी ते त्याचे रेखाटन करावयास बसले. बांधलेल्या उंदराचे काळीज भयाने धडधडत होते. जवळ पाण्याचे चार थेंब सांडले, ते त्याने अधीरतेने चाटले आणि वर पाहिले. ती नजर विल्सन यांना सहन झाली नाही. त्यांनी दोरी सोडून त्याला जाऊ दिले.

त्या काळी अभ्यासासाठी पक्षी मारण्याची रीत होती व विल्सनही बंदूक बाळगीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी मारणे वा त्यांची घरटी मोडणे यांस मनाई केली आहे. शिवाय शाळेच्या आवारात येणाऱ्या पक्ष्यांसाठी तशी गरजही नाही. मुलांना आठवडाभर एकच पक्षी पाहू द्यावा. चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते, साळुंकी पाऊल टाकीत चालते. हे उत्तर शिक्षकाने सांगू नये, मुलांनी शोधून आणावे. चिमणीच्या पायाची तीन बोटे पुढे व एक मागे असते, तर सुतारपक्ष्यांपैकी बहुतेकांची दोन पुढे व दोन मागे असतात. हे पाहिलेल्या मुलाची रेघ वाकडी आली तरी चित्र खरे असते. गुण देताना याचा विचार व्हावा.

१८०६ मध्ये विल्सन यांनी शाळा सोडून एका ज्ञानकोशाच्या संपादनाचे काम पत्करले आणि त्याच प्रकाशकाकडून ‘अमेरिकन ऑर्निथॉलॉजी’ या ग्रंथाचा पहिला खंड १८०८ मध्ये निघाला. संपूर्ण संचाची किंमत १२० डॉलर, म्हणून वर्गणीदार मिळविण्यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागले. तीच त्यांची निरीक्षणयात्रा ठरली. १८०९ मध्ये विल्मिंग्टनजवळ हस्तिदंती चोचीचा एक सुतारपक्षी किंचित जखमी अवस्थेत त्यांच्या हाती लागला. त्याला खाणावळीच्या खोलीत कोंडून ते तासाभराने परत आले, तो भिंतीला मूठ जाईल एवढे भोक पडलेले. मग त्याला मेजाला बांधले, तर त्याने मेजाची धूळधाण केली. चित्र काढताना त्याने विल्सन यांचे हात अनेक ठिकाणी फोडले. अन्न मात्र त्याने शिवले नाही व सुमारे तीन दिवसांनी तो मेला. त्याच्या धैर्याचे वर्णन विल्सन यांनी आदराने केले आहे.

केंटकी प्रांतात त्यांनी प्रवासी कबुतरांचा थवा पाहिला. तो मोजण्याची त्यांची रीत सातवीच्या वर्गात गणित म्हणून घालण्याजोगी आहे. थव्याची रुंदी १ मैल. वेग मिनिटास १ मैल. थवा डोक्यावरून जाण्यास ४ तास लागले, म्हणजे लांबी २४० मैल. दर चौरस यार्डास ३ पक्षी धरावे. एका मैलाचे यार्ड १,७६०. उत्तर येते २,२३,०२,७२,०००.

अखेरच्या दिवसांत चित्रे रंगविणारे कारागीर सोडून गेले व तेही काम विल्सन यांच्यावर पडले. २३ ऑगस्ट १८१३ रोजी अतिसाराने त्यांचे निधन झाले. नववा व अखेरचा खंड त्यांचे मित्र जॉर्ज ऑर्ड यांनी १८१४ मध्ये पुरा केला. नऊ खंडांत ७६ चित्रपट आहेत, २६८ जातींचे पक्षी आहेत व त्यांतील २६ जातींचे वर्णन त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते. प्रवासी कबुतरांपैकी अखेरची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मेली. हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी सर्वमान्य नोंदीनुसार १९४४ मध्ये लुइझियानात शेवटचा दिसला. विल्सन यांच्या ग्रंथात दोघांचीही चित्रे आहेत.